झाकण नसलेली पेटी

रत्नागिरीच्या रामआळीत काशीच्या दुकानात मालन निळ्या दोऱ्याची रिळं उजेडात धरून बघत होती. काशी गल्ल्यावरूनच म्हणाली, "टाचांना कोकमतेल लाव गो मालनताय. गरम करून, निजताना." मालनने हातातलं रीळ खाली ठेवलं. साडी घोट्याच्या खाली होती, पाय दुकानाच्या फळीआड होते, त्यांच्याकडे बघायचं कोणाला काही कारण नव्हतं. तिने नुसती मान हलवली. "आणि आधीच सांगते हां," काशी पुढे म्हणाली, "या निळ्यातलं हे शेवटचं. मागाहून बदलून मागशील तर मिळायचं नाय." शेजारी बटणं निवडणाऱ्या दोघी बायका एकदम खाली बघून हसल्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं आणि तोंडातल्या तोंडात म्हटलं, "आधीच सांगते." मालन रीळ घेऊन बाहेर आली. ऊन होतं, भाजीवाल्या बायका टोपलीवर पाणी मारत होत्या, रिक्षावाले नाक्याकडे तोंड करून ओरडत होते, आणि या सगळ्या आवाजांच्या मधोमध ते दोन शब्द तिच्याबरोबर चालत होते. ते तिचे शब्द होते. ते तिने तोंडाने कधीच कोणाला म्हटले नव्हते. एकदाच, एकाच माणसाला, लिहिले होते.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. सरकारने शिक्षकांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची केली, तेव्हा मुलींच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या मालनलाही क्लासला बसावं लागलं. भाऊ आत्माराम म्हणाला, "तुला काय करायचंय गो त्याचं? काजं करायला कॉम्प्युटर लागतो काय?" वहिनी हसली. मालनही हसली, तिला मोठ्याने बोलता येत नसे आणि भांडता तर त्याहून येत नसे. पण की-बोर्डवर बोटं ठेवली आणि तिच्या लक्षात आलं की इथं आवाज लागत नाही. घरात आईची खाट काढून टाकल्यावर त्या जागी जी रिकामी लादी उरली होती तिच्याकडे बघत ती रात्री पडून राही. वर्षानुवर्षं आईचा दम लागलेला श्वास ऐकत झोपायची सवय. तो आवाज थांबला तशी तिची झोपच गेली. मग धनजी नाक्यापुढच्या सायबर कॅफेत, लाकडी फळ्यांच्या खोपटात बसून, तिने लग्न जुळवणाऱ्या एका साइटवर आपलं नाव घातलं. वय चाळीस, वर्ण सावळा. दाभोळच्या गंगाराम भाटकर नावाच्या विधुराने तिथं आपला फोटो लावला होता: जहाजाच्या कठड्याला टेकलेला, डोक्यावर टोपी, डोळे उन्हाने बारीक. जहाजावरची नोकरी सोडून गावी आलेला. त्याने दोन ओळी पाठवल्या, तिने पानभर उत्तर लिहिलं. इंग्रजी अक्षरांत मराठी, एकेक अक्षर शोधत. 'माझ्या टाचांना भेगा आहेत. आवाज लहान आहे. सोमवारी मी दिवा लागेपर्यंत बोलत नाही. लपवून काही करायची सवय नाही म्हणून आधीच सांगते. दुसरं काही मागणं नाही. रात्री दिवा मालवल्यावर कोणाच्या तरी श्वासाचा आवाज यावा, एवढंच वाटतं.' शेवटचं वाक्य तिने पुसलं होतं आणि मग पुन्हा लिहिलं होतं. खाली पूर्ण नाव, शाळेचं नाव, आत्मारामच्या घरचा फोन. उत्तर आलं नाही. नाही आलं तर नाही, असं म्हणून तिने तो विषय देवापुढे ठेवून दिला होता.

रीळ घरी न ठेवता ती तशीच कॅफेत गेली. कित्येक आठवड्यांनी ई-मेलची पेटी उघडली तर आत माणसं शिरलेली. ज्यांची नावं तिने कधी ऐकली नव्हती अशांची पत्रं, एकाखाली एक. कोणी भेगांवरचं मलम विकत होतं, कोणी तिला काय काय विचारत होतं. एकाने तर चित्र पाठवलं होतं, ते बघून तिने हाताने काचच झाकली, जसं काही मागच्या बाकावरच्या मुलींनी बघू नये. आणि त्यांत कोणीतरी, दया म्हणून की मजा म्हणून कोण जाणे, ते मूळ पत्रच तिला परत पाठवलं होतं. तिचं पत्र, जसंच्या तसं, खाली नाव-गाव-फोनसकट. वर जिन्यासारखे पत्त्यांवर पत्ते. मुंबई, दुबई, पुणे, पुन्हा रत्नागिरी. प्रत्येकाने जाता जाता एकेक ओळ टाकलेली, देवळाच्या पायरीवर चपला टाकाव्यात तशी. 'बाईचा आवाज लहान, फायदाच आहे.' 'आपण जाऊन श्वास घेऊन येऊ काय?' आणि सगळ्यांच्या तळाशी, अगदी पहिली ओळ, गंगाराम भाटकरच्या पत्त्यावरून: 'मित्रांनो, वाचा. या दाभोळवाल्याच्या नशिबात काय लिहिलंय बघा.' शाळेच्या फाटकापाशी परवा दोन पोरं तिला बघून नाकाने मोठमोठ्याने श्वास घेत होती, तेव्हा तिला वाटलं होतं पोरांना सर्दी झालीय. एकाला ती म्हणालीही होती, "ओवा हुंग बाळा."

ती घरी आली, पाय धुतले, देवापुढे बसली. रोजचा नेम होता: पहाटे उठून बेलाची पानं निवडायची, कीड लागलेलं, दळ तुटलेलं बाजूला काढायचं, पिंडीवर संततधार धरून नाव घ्यायचं. संध्याकाळी पोथीचा एक अध्याय. मासे सोडलेले. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून आणखी एक व्रत घेतलेलं: तोंडाने खोटं बोलायचं नाही. आळीत ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणाच्या घरी दोन जावांत साखरेच्या डब्यावरून जरी जुंपलं तरी बायका म्हणत, मालनताईला विचारा, ती खोटं सांगायची नाही. त्या संध्याकाळी तिने नाव घ्यायला सुरुवात केली आणि माळेच्या प्रत्येक मण्याला टोपीवाला माणूस येऊ लागला. पाणी धरलं की पिंडीच्या जागी त्याचं डोकं. आधी तिला भीती वाटली. मग काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की नाव घ्यायला इतकं मन यापूर्वी कधीच लागलं नव्हतं. तिला त्याचं मरण नको होतं. त्याने उघडं पडावं. त्याच्या पोटातलं सगळ्यात मऊ, सगळ्यात लपवलेलं काही बाहेर यावं आणि ते रस्त्यावर पडलेलं असताना लोकांनी वरून चालत जावं. ती हे देवाला अगदी हळू आवाजात सांगे, रोज, फुलं वाहून झाल्यावर. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणे, "मालन वन्सं, किती वेळ गो आज? देव तरी कंटाळला असेल." मालन म्हणे, "आलेच."

इफ्फतची गाठ कॅफेतच पडली. ती मालनची जुनी विद्यार्थिनी, राजिवड्याला दिलेली. नवरा फैझान कुवेतला, दोन वर्षांनी एकदा येणारा. सासू फरीदा एकटीला बाहेर सोडत नसे, पण बाई असतात म्हटल्यावर सोडू लागली. फळीपलीकडून इफ्फतने तिच्या पडद्याकडे बघितलं, मालनने झाकायच्या आत बघितलं, आणि खुर्ची ओढून जवळ आली. "बाई, ही घाण कशाला ठेवलीत? हा पत्ता मेला आता. सोडून द्या."

"माझ्या नावाचा आहे गो."

"म्हणूनच तर. आपलं नाव असं जागोजाग देत सुटायचं नसतं. हे बघा." तिने एक साइट उघडली. कोरं पान, मधे एक चौकोन. "इथं कुठलंही नाव टाका. हमीदा टाका, पपई टाका. झाला पत्ता. कुठं नाव नोंदवायला सांगितलं की हा द्यायचा. पत्र येतं, वाचायचं, उठून जायचं. थोड्या तासांनी आपोआप पुसतं."

"कुलूप?"

"कुलूपच नाय. झाकणसुद्धा नाय. तेच नाव दुसऱ्या कोणी टाकलं तर त्यालाही तेच दिसणार. म्हणून आत आपलं काही ठेवायचं नाय. खाल्लं की फेकलं."

मालनला पत्रावळ आठवली. जेवून झाल्यावर दुमडून उकिरड्यावर टाकायची. कोणाची होती ते कुत्र्यालाही कळत नाही. "तुला कशाला गो लागतो असला पत्ता?" तिने विचारलं. इफ्फत कॅफेवाल्याकडे पाठ करून, अगदी हळू बोलू लागली. "माझा खरा पत्ता नि फैझानचा एकच आहे, तो तिकडून उघडतो. मागं एका डॉक्टरांच्या साइटवर तो दिला, तर आठवडाभर पाळण्यांच्या जाहिराती. त्याने फोनवर विचारलं, हे काय? मी म्हटलं, चुकून." ती थांबली. "सात वर्षं झाली, बाई. सगळे मला विचारतात. माझ्या सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत. मग राहिलं कोण? तेवढंच विचारायचंय त्या डॉक्टरला. नवऱ्यात कमी आहे काय असं बाईने बाहेर जाऊन विचारलं, हे घरात चालतं? तुमच्यात चालतं?"

"नाही चालत," मालन म्हणाली.

"मग? कोणाला बोलू नका हां."

मालन कोणाला बोलली नाही. त्या रात्री ती त्या पेटीचाच विचार करत जागी राहिली. इफ्फत त्या पेटीकडे आतून बघत होती. स्वतःला लपवायची जागा म्हणून. मालन बाहेरून बघत होती. कुलूप नाही, झाकण नाही, रस्त्यावर मांडलेली पेटी, आणि त्यात कोणाला तरी सांगायचं: ये, इथं तुझं मन ठेव. दुसऱ्या दिवशी पूजा करून ती गेली आणि तिने त्या चौकोनात 'अनुराधा' टाकलं. मुद्दाम साधं, हजारजणी असतील असं, म्हणजे जगात कुठल्याही रिकामटेकड्याने ते सहज टाकावं. त्या पत्त्यावर लग्नाच्या साइटवर नवी बाई उभी राहिली. अनुराधा, संगमेश्वरची, विधवा, अडतीस. व्रताचा विचार तिने पायऱ्या चढतानाच केला होता. व्रत वाचेचं होतं. बोटांचं नव्हतं. सोमवारचं मौनही जिभेचंच असतं. मौनात पाटीवर लिहून भाजी मागवलेली चालते. देवाने जीभ मागितली होती, ती तिने दिली होती. बोटं तिची होती. साइटवरून तिने गंगारामला निरोप पाठवला आणि लिहिलं की उत्तर मात्र या पत्त्यावरच धाडा, संध्याकाळी दिवेलागणीला, घरी भावाची नजर असते. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं.

पहिली पत्रं चार ओळींची होती. मग लांबली. अनुराधा फार गोड लिहायची; मालन स्वतः वाचून चकित व्हायची. ही बाई कुठून आली? तिच्या टाचा गुळगुळीत होत्या, ती काहीही आधी सांगत नसे. ती फक्त विचारी, आणि तो सांगत जाई. इंजिनरूममुळे उजव्या कानाने ऐकू येत नाही, लोकांना वाटतं मी शिष्ट आहे. जमिनीवर झोप येत नाही, बिछाना हलत नाही म्हणून. तर झोपाळ्यावर निजतो, आई रागावते. मालन एकेक ओळ जिभेवर ठेवून बघितल्यासारखी वाचे. पुरे नाही. अजून आत जा. मग एका संध्याकाळी ते आलं. बायको गेली तेव्हा तो ब्राझीलच्या बंदरात होता. भावांनी प्रेतयात्रेची व्हिडिओ कॅसेट काढून ठेवली, त्याने बघावी म्हणून. 'मी ती अजून पूर्ण बघितली नाही. घरातून तिला बाहेर काढतात, अंगणात ठेवतात, तिथं मी थांबवतो. तिथं ती अजून अंगणात आहे. पुढे गेलो तर नेतील. सात वर्षं मी ती तिथंच थांबवून ठेवली आहे. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.' मालन पडद्यासमोर बसून राहिली. फळीपलीकडे कोणीतरी गाडीचा खेळ खेळत होतं, टायर घासल्याचे आवाज येत होते. हेच ते. हेच तिने मागितलं होतं. हे आता उघड्यावर पडलं होतं, हजार अनुराधांच्या पेटीत, कोणीही यावं आणि बघावं. तिच्याकडे तो पत्त्यांचा जिनाही होता, मुंबई-दुबई-पुणे. एक कळ दाबली की ज्या पायऱ्यांवरून तिचं पत्र खाली आलं त्याच पायऱ्यांवरून हे वर गेलं असतं. तिने बोट कळीवर नेलं. आणि नेमकं तिथं तिला वेगळंच काही जाणवलं. इतक्या पत्रांत तो कुठेही म्हणाला नव्हता की मागे एका बाईने मला असं लिहिलं होतं. लाज म्हणून नाही, गंमत म्हणूनही नाही. ती प्रत्येक पत्रात स्वतःला शोधत होती आणि ती कुठेच नव्हती. त्याने वाईट केलं होतं, आणि केलं हे त्याला आठवतही नव्हतं. जे आठवत नाही त्याची शिक्षा कशी देणार? ते पत्र पाठवून दिलं तर त्याला वाटेल की जग वाईट आहे. मालन आहे, हे त्याला कळायलाच हवं. तिने ठरवलं, त्याला समोर बोलवायचं. वेळणेश्वरला, देवळात, सोमवारी. तो येईल, अनुराधेची वाट बघेल, ऊन चढेल, उतरेल, पुजारी विचारेल, फुलवाल्या हसतील. ती सभामंडपात खांबाला टेकून बसलेली असेल, तोंडातून शब्द न काढता, आणि त्याला कणाकणाने लहान होताना बघेल. शेवटी दिवा लागल्यावर, मौन सुटल्यावर, ती उठून त्याच्या डाव्या कानाशी जाईल आणि आपलं पूर्ण नाव सांगेल. त्या विचाराने तिच्या पोटात अशी ऊब आली की तिला वाटलं, देव पावणं म्हणतात ते हेच असेल.

निरोप गेला. तो 'येतो' म्हणाला. आणि त्याच आठवड्यात इफ्फत कॅफेच्या पायरीवर तिची वाट बघत उभी. "बाई, ते कॅसेटचं वाचून मला रात्रभर झोप लागली नाय."

मालनला क्षणभर कळेचना. "तू कुठं वाचलंस?"

"पेटीत. मागं एकदा तुम्ही नाव टाकताना दिसलं. मग रोज बघते." इफ्फत ओशाळली, पण नजर खाली घातली नाही. "चोरून वाचलं, खरं हाय. पण फैझानने मला सात वर्षांत असं एक वाक्य लिहिलेलं नाय. पैसे मिळाले काय, अम्मीचं औषध आणलं काय. मी ती पत्रं माझीच समजून वाचत होते. सोडा ना त्याला, बाई. पुरे झालं."

"त्याने मला सोडलं होतं?"

"नाय सोडलं. पण तो वेडा आहे. बाप्ये करतात असं, चार मित्रांत हसायला. तुम्ही त्यातल्या आहात काय?"

"तू मला शिकवू नकोस," मालन म्हणाली. तेही इतक्या हळू की रस्त्याच्या आवाजात इफ्फतला ओठांवरूनच कळलं असेल.

सोमवारी उजाडायच्या आत ती निघाली. गुहागरच्या गाडीत खिडकीशी बसली, उतरून दुसरी गाडी धरली. मौन असल्याने कंडक्टरला चिठ्ठी दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि कपाळाला हात लावून तिकीट फाडलं. वेळणेश्वरला देऊळ गार होतं. तिने अभिषेक केला, बेल वाहिला आणि ठरवलेल्या खांबाला टेकून बसली. तिथून दारही दिसत होतं, माडांमधून समुद्राची पट्टीही. दाभोळहून बोटीने खाडी ओलांडून तो येणार होता. तेवढ्याला उशीर होतोच, असं तिने मनात म्हटलं. एक जोडपं आलं. कोणा मुंबईकरांची गाडी आली, मुलं घंटेला लोंबकळली. टोपीवाला एक माणूस आला तेव्हा तिने पदर सारखा केला. तो पाणी पिऊन निघून गेला. पदर आपण का सारखा केला हे तिने स्वतःला विचारलं नाही. दुपार झाली. फुलवाली यमुनाबाई टोपली उचलता उचलता म्हणाली, "कोणाची वाट बघतेस गो बाय? सकाळपासून बघतंय मी. दाराकडे बघतेस नि केस सारखे करतेस." मालनने बोट ओठांवर ठेवलं, मौन आहे असं दाखवायला. यमुनाबाईने भलताच अर्थ घेतला, डोळा बारीक करून हसली. "बरं बरं. नाय बोलत कोणाला. येईल हां, येईल. बाप्यांना वेळ लागतो." समुद्राची पट्टी निळी होती ती पांढरी झाली, मग तांबूस. मालन बसून होती. नवी चॉकलेटी साडी, कानात आईच्या कुड्या. सूड घ्यायला जाताना कुड्या कशाला घालतात? पुजाऱ्याने समई लावली. मौन सुटलं आणि तिच्याजवळ बोलायला कोणी नव्हतं.

मंगळवारी शाळा सुटताच तिने पेटी उघडली. त्याचं पत्र आलेलं होतं, थोड्या वेळापूर्वीचंच. 'अनुराधाबाई, एका बाईंनी मला परवा पत्र टाकून कळवलं की तुम्ही नाही आहात, कोणीतरी माझी परीक्षा घेतंय, सोमवारी जाऊ नका. नाव दिलं नाही. कोणी आणि का केलं ते मला समजत नाही. मी कोणाचं वाईट केल्याचं आठवत नाही. तरी हे लिहितो, कारण लिहायची सवय झाली. तुम्ही नसलात तरी मी जे लिहिलं ते खरं होतं. काल झोपाळ्यावर न निजता जमिनीवर निजलो.' मालनने ते पुन्हा वाचलं. वाईट केल्याचं आठवत नाही. पडद्यावरची अक्षरं तिला कोरडी, स्वच्छ दिसत होती. त्याला आता हात लावता येणार नव्हता. तो सुटला, स्वच्छ होऊन सुटला, आणि सोडवणारी एकच असू शकत होती. रोज पेटीत बघणारी. तिच्या घासातला घास चोरून खाणारी. इतके दिवस टोपीवाल्याच्या नावाने पेटलेलं जे होतं ते विझलं नाही. त्याने नुसतं तोंड फिरवलं, आणि समोर इफ्फत होती, केळीच्या पानासारखी कोवळी, जिचं सगळं मालनला ठाऊक होतं. इथं बोटांचीही गरज नव्हती. खोटं बोलावं लागणार नव्हतं. नुसतं जायचं, आणि विचारलं तर खरं सांगायचं.

राजिवड्याला इफ्फतच्या दारात फरीदा सुपात सुकट निवडत बसली होती. मासे सोडल्यापासून मालनला हा वास नकोसा झाला होता. तिने पदर नाकाला न लावता तो वास आत घेतला. "या बाई, या. बसा ओटीवर. इफ्फत, बघ कोण आलंय, पाणी आण." म्हातारीचे डोळे मोतीबिंदूने दुधाळ झाले होते, पण बोटं सुकटीतला कचरा बरोबर ओळखत होती. इकडचं तिकडचं झालं. फैझानने नवा फोन पाठवला, त्याची बटणं दिसत नाहीत. यंदा मासळी नाही. इफ्फत तांब्या घेऊन आली आणि मालनचा चेहरा बघून दारातच थांबली. तिला कळलं. मालनला दिसलं की तिला कळलं, आणि त्या क्षणाचा तिने पुरेपूर स्वाद घेतला.

"फरीदाबी," मालन आपल्या रोजच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही इफ्फतला माझ्या भरवशावर पाठवता. म्हणून सांगावंसं वाटलं. ती तिथं नुसती फैझानला पत्र लिहायला जात नाही. एका डॉक्टरला विचारत असते. नाव न देता. मूल का होत नाही, आणि दोष फैझानचा आहे काय, असं."

फरीदाची बोटं थांबली. ओटीखालून एक कोंबडी गेली. मग म्हातारीने सूप एकदा झटकलं, कोंडा बाजूला उडाला, आणि ती पुन्हा निवडू लागली. "ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "मीच पाठवते. फैझान चौदा-पंधरा वर्षांचा असताना त्याला गालगुंड झालेलं. खाली सूज, ताप उतरेचना. तेव्हाच डॉक्टर काय ते बोलला होता. मी कोणाला बोल्ले नाय. पोराच्या बापालासुद्धा नाय. मग ही आली, नि लोक हिला बोलायला लागले, तशी माझ्याने बघवेना. मीच म्हटलं, पोरी, कुठं तरी विचार जा, काही इलाज असला तर. पण नाव देऊ नको. तुझं नको नि त्याचंही नको. आईने पोराची अब्रू अशी चव्हाट्यावर न्यायची असते काय?" तिने दुधाळ डोळे मालनकडे वळवले. राग नव्हता त्यांत. कुतूहल होतं. "पण तुम्ही कशाला त्रास घेतलात बाई, एवढ्या उन्हाचं सांगायला यायचा?"

ओटीच्या गार जमिनीवर मालनचे हात पडले होते, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. इफ्फतने तांब्या तिच्यापुढे ठेवला; आवाज होऊ न देता ठेवला.

"नि तुमचं काय काम असतं हो तिथं रोज?" फरीदाने विचारलं. "शिवणाच्या बाईंना काय करायचा कॉम्प्युटर?"

मालनने तोंड उघडलं. खरं तेवढं तिच्या जिभेवर होतं, सगळं, टोपीवाल्यापासून कालच्या कुड्यांपर्यंत. दारातल्या उजेडात इफ्फत उभी होती आणि तिलाही ते सगळं ठाऊक होतं, ओळीन् ओळ. इफ्फतने नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता.

"बाई स्तोत्रं वाचतात, अम्मी," इफ्फत म्हणाली. "देवाची. तिथं सगळी मिळतात."

"असं?" फरीदाचा चेहरा उजळला. तिने सूप मांडीवरून उतरवलं. "चांगलं काम हाय. होय ना, बाई?"

इफ्फत समुद्राकडे बघत होती.

"हो," मालन म्हणाली.